विषय: स्वतःच्या वादात नियंत्रकाने निर्णय द्यावा का?

सप्रेम नमस्कार,

गेल्या महिन्यापासून आपल्या ऑनलाइन चर्चामंचाच्या नियंत्रकाची जबाबदारी माझ्याकडे आहे. परवा एका सभासदाने माझ्याच मताला तिखट शब्दांत विरोध केला आणि त्यातला एक शब्द नियमात बसत नाही, एवढ्यावरून मी तो प्रतिसाद काढून टाकला. रात्री जुने लेखन चाळताना दिसले की, तोच शब्द माझ्या बाजूने बोलणाऱ्या एकाने आठवडाभरापूर्वी वापरला होता आणि मी काहीच केले नव्हते. ही चूक कशी दुरुस्त करावी?

– नवा नियंत्रक

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

तो प्रतिसाद आजच परत लावावा, आणि तो का काढला होता व का परत लावला, हे आधी त्या सभासदाला आणि मग सर्वांना दोन ओळींत कळवावे. आता समतोल साधण्यासाठी दुसऱ्याचाही प्रतिसाद काढावा असे वाटेल, पण ते करू नये. तुमच्या नजरचुकीची शिक्षा त्याला कशासाठी? त्या शब्दाबद्दलचा नियम आजपासून दोघांनाही सारखा लागू होईल, असे जाहीर करणे पुरेसे आहे.

स्वतःच्या प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आपल्या कामालाही लागू पडते. इंग्रजी विकिपीडियावर, उघड उपद्रवासारखे अपवाद सोडले, तर ज्या वादात प्रचालक (म्हणजे तिथला नियंत्रक) स्वतः गुंतला आहे तिथे त्याने आपले अधिकार वापरू नयेत, असा नियमच आहे. म्हणून तुमचे नाव आले की निर्णय दुसऱ्या नियंत्रकाकडे सोपवावा, मग तुमची बाजू कितीही बरोबर असो. कारण कळवण्याची सवयही आजच लावून घ्यावी. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने मजकूर काढणाऱ्या सेवांवर स्पष्ट कारण देण्याचे बंधनच घातले आहे.

शिक्षेबाबत राज्यशास्त्राच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. सामायिक कुरणे आणि पाटाचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या नीट सांभाळणाऱ्या समूहांत पहिल्या चुकीला सौम्य दंड असतो आणि चूक पुन्हा पुन्हा झाली तरच तो वाढत जातो, असे त्यांनी १९९० मध्ये मांडले. आपण मात्र कित्येकदा पहिल्याच वेळी थेट बंदी घालतो. आधी खासगी सूचना द्यावी, मग उघड समज, मग थोड्या दिवसांची बंदी, आणि प्रत्येक टप्प्यावर त्या सभासदाचे म्हणणे ऐकून घ्यावे.

– जुना नियंत्रक

उत्तर:

प्रतिसाद परत लावला आहे आणि त्या सभासदाची क्षमाही मागितली आहे. त्याने विचारले की, काढलेल्या प्रतिसादांची नोंद सभासदांना पाहता येईल का. मला ही मागणी रास्त वाटते. ती नोंद मी आज रात्रीपासून सुरू करतो.

– नवा नियंत्रक