सब्जेक्ट लायब्ररियनला मराठीत काय म्हणायचं? विषयतज्ज्ञ ग्रंथपाल, विषयग्रंथपाल की अजून काही?

दाखलक्रमांक

नमस्कार मंडळी. मी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, पदाचं नाव सहायक ग्रंथपाल, पण माझं खरं काम म्हणजे अर्थशास्त्राची पुस्तकं-जर्नल्स-सरकारी अहवाल निवडणं आणि त्या विषयाचे विद्यार्थी-प्राध्यापक आले की त्यांच्याबरोबर बसून शोधणं. आधी अर्थशास्त्रात एमए केलं आणि मग ग्रंथालयशास्त्रात एमलिब, म्हणून हे माझ्याकडे आलं. आता आमच्या ग्रंथालयाची माहितीपत्रिका मराठीत करायची आहे आणि 'सब्जेक्ट स्पेशालिस्ट लायब्ररियन'वर गाडी अडली आहे. कच्च्या मसुद्यात कुणीतरी 'विषयतज्ञ ग्रंथपाल' लिहिलंय.

पहिली गोष्ट शुद्धलेखनाची. तो शब्द तज्ज्ञ असा आहे, तत् + ज्ञ, म्हणजे ते जाणणारा. संधीत त् चा ज् होतो म्हणून ज ला ज्ञ जोडून लिहायचा. बोलताना आपण सगळेच 'तज्ञ' म्हणतो, पण छापताना तरी तो अर्धा ज गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 'विषयतज्ज्ञ' हा शब्द महाराष्ट्रात आधीच दुसऱ्यांच्या अंगावर आहे. कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ असतात, शिक्षण खात्यात गट साधन केंद्रावर विषयतज्ज्ञ असतात, परीक्षेच्या आणि मुलाखतीच्या पॅनेलवर विषयतज्ज्ञ बोलावतात. हे सगळे लोक उत्तर देणारे आहेत, आणि माझं काम उत्तर देण्याचं नाहीच! तुम्ही काय सुचवाल?

माळरान

शब्द छान काढलात. मला आधी 'ग्रंथपाल'च तपासावासा वाटतो. पाल म्हणजे पाळणारा, राखणारा. द्वारपाल, क्षेत्रपाल, वनपाल, राज्यपाल, लेखापाल, आणि सरकारी गोदामातला भांडारपाल. कोतवालसुद्धा मुळात कोटपाल. म्हणजे पुस्तकं कुलपात ठेवून किल्ली कमरेला लावणारा माणूस असा त्या शब्दाचा साचा आहे. गुजरातीतही ग्रंथपालच म्हणतात, हिंदीत पुस्तकालयाध्यक्ष, तिथे तो अध्यक्ष होतो. कुठल्याच शब्दात 'वाचकाला मदत करणारा' ही छटा नाही. आमच्या कॉलेजात तर कपाटांना जाळ्या होत्या, चिठ्ठी दिली की शिपाई पुस्तक आणून द्यायचा, मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक घ्यायची, फार उशिरा आली. तेव्हा तो शब्द अगदी बरोबर बसायचा. विषय जाणणारा माणूस आणि पाल, ही जोडी जमते का?

दाखलक्रमांक

@माळरान, जमते, आणि जमलेली आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत परशुराम कृष्ण गोडे हे १९१९ पासून अनेक वर्षं क्युरेटर होते. क्युरेटरला मराठीत अभिरक्षक म्हणतात, म्हणजे पुन्हा राखणाराच. पण या माणसाने हस्तलिखितं नुसती राखली नाहीत. त्यांचे शेकडो शोधनिबंध आहेत, कुठला ग्रंथ कोणत्या काळातला हे तर आहेच, पण जिलबी, नथ, शोभेची दारू यांचा इतिहाससुद्धा त्यांनी पोथ्यांमधल्या बारीकसारीक उल्लेखांवरून लावला. रोज त्या पोथ्यांच्या सहवासात असल्याशिवाय कुठल्या वैद्यकग्रंथात कुठला पदार्थ आलाय हे कुणाला दिसणार? म्हणून 'पाल' मला खटकत नाही. जो रोज पाळतो त्यालाच ओळख होते. मला शंका 'तज्ज्ञ'बद्दल आहे.

फडताळ

मग 'विषयी ग्रंथपाल' का नको? सुटसुटीत आहे.

माळरान

@फडताळ, नको हो. विषयी म्हणजे विषयासक्त, संतवाङ्मयात हा शब्द त्याच अर्थाने येतो. विषय शब्दाचा एक जुना अर्थच इंद्रियांना गुंतवणारी गोष्ट असा आहे. समासात मात्र अडचण नाही, विषयवार, विषयसूची, तसं विषयग्रंथपाल.

दूरदेशी

मी अमेरिकेत आहे, ग्रंथालय क्षेत्रातली नाही पण मराठी पुस्तकांसाठी विद्यापीठाच्या लायब्ररीत जात असते, त्यामुळे थोडं माहीत आहे. इथे या कामाला दोन-तीन नावं आहेत. जुनं नाव बिब्लिओग्राफर, म्हणजे खरं तर सूचीकार. हल्ली सब्जेक्ट लायब्ररियन किंवा लायझन लायब्ररियन म्हणतात, आणि ग्रंथालयशास्त्राच्या पदवीबरोबर त्या विषयातली दुसरी मास्टर्स पदवी पुष्कळदा मागतात.

आणि याचा मराठीशी फार जवळचा संबंध आहे बरं का! पीएल ४८० चा गहू सगळ्यांना ऐकून माहीत असतो. अमेरिकेचा १९५४ चा तो कायदा, गव्हाचे पैसे भारताने रुपयांत द्यायचे आणि ते रुपये भारतातच खर्च व्हायचे. त्या रुपयांतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत ऑफिस काढून भारतीय भाषांतली पुस्तकं घ्यायला सुरुवात केली आणि ती अमेरिकेतल्या विद्यापीठांना जायला लागली, त्यात मराठीही. पण पेट्या आल्या तरी त्या उघडून कुठलं पुस्तक कशाचं हे सांगणारं कुणीतरी लागतं. शिकागोला मॉरीन पॅटरसन या दक्षिण आशियाच्या बिब्लिओग्राफर होत्या, त्या स्वतः महाराष्ट्राच्या अभ्यासक, चित्पावनांवर त्यांनी काम केलं होतं. १९८१ मध्ये त्यांची दक्षिण आशियावरची भलीमोठी ग्रंथसूची छापून आली. आज शिकागोत बसून कुणी महाराष्ट्रावर काम करतो तेव्हा त्यामागे अशा माणसांनी लावून ठेवलेली कपाटं असतात.

दाखलक्रमांक

@दूरदेशी, किती चांगली माहिती दिलीत! सूचीकार म्हटल्यावर मला आपले शंकर गणेश दाते आठवले. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची त्यांनी केली, ती १९४३ ला आली आणि पुढे १९३८ ते १९५० चा भाग १९६१ ला. आजही एखादं जुनं पुस्तक खरंच निघालं होतं का असा प्रश्न आला की मी आधी दाते उघडते. पण सूचीकार हे पदाचं नाव म्हणून नाही चालणार, कारण सूची हा माझ्या कामाचा एकच भाग आहे.

लायझनचं तर विचारूच नका. आपल्याकडे 'लायझनिंग करतो' म्हणजे सरकारी ऑफिसात फाइल पुढे सरकवून देतो. 'संपर्क ग्रंथपाल' म्हटलं तरी लोकांना जनसंपर्क अधिकारी वाटेल.

गाळीव

सगळं ठीक आहे पण आता सगळं गूगलवर मिळतं, कॅटलॉग कॉम्प्युटरवर आहे, शब्द टाकला की यादी येते. मग विषय जाणणारा ग्रंथपाल वेगळा कशाला? शब्द नंतर शोधू, आधी कामाची गरज आहे का ते सांगा.

दाखलक्रमांक

@गाळीव, प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते, आणि हे शब्दचर्चेतच बसतं कारण सगळा खेळ शब्दांचाच आहे.

माझ्याकडे एक मुलगा आला होता, माणदेशातला, पीएचडीचा विषय १९७२ चा दुष्काळ आणि रोजगार. त्याआधी तो दुसऱ्या एका ग्रंथालयात दोन दिवस बसून आला होता आणि तिथे त्याला 'आमच्याकडे काही नाही' असं सांगितलं होतं. त्याने कॅटलॉगमध्ये 'फॅमिन' टाकलं होतं, कारण दुष्काळाला इंग्रजीत फॅमिन हेच त्याला शाळेपासून माहीत. आणि फॅमिन टाकलं की काय येतं? १८७६-७८ चा दुष्काळ, मग १८८० चा फॅमिन कमिशनचा अहवाल, बंगालचा १९४३ चा. बहात्तरचं जवळपास काही नाही.

आता बघा. मराठीतला दुष्काळ हा एकच शब्द तीन गोष्टींना पुरतो. पाऊस पडला नाही तोही दुष्काळ, पीक गेलं तोही, आणि माणसं अन्नावाचून मेली तोही. इंग्रजीत पहिल्याला ड्रॉट म्हणतात आणि शेवटच्याला फॅमिन, आणि कॅटलॉग इंग्रजी विषयशीर्षकांवर चालतो. पुस्तकं विषयवार लावायच्या डेव्ही दशांश पद्धतीत फॅमिन अन्नपुरवठ्याबरोबर ३६३.८ ला, पावसाची तूट हवामानशास्त्रात ५५१.५७ ला, रोजगार ३३१ ला आणि शेती ६३० ला. एकाच दुष्काळाची पुस्तकं चार कपाटांत, दोन मजल्यांवर!

आणि खरी गंमत पुढे आहे. १९६३ साली महाराष्ट्रात एक कायदा झाला, त्याचं कामच मुळी राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द वगळणं हे होतं. त्या जागी 'स्कॅर्सिटी' आला. म्हणजे १९७२ ला सरकारच्या कागदोपत्री फॅमिन नव्हताच, स्कॅर्सिटी होती, आणि मराठी कागदांत टंचाई. टंचाईग्रस्त गावं, टंचाई निवारण. मग दुष्काळ कुठे लिहिलाय हे शोधण्यापेक्षा गावाची आणेवारी, म्हणजे नेहमीच्या मानाने पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, बघावी लागते, जिला नंतर पैसेवारी म्हणायला लागले, पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाई. आणि त्या दुष्काळी कामांतून पुढे आलेली रोजगार हमी योजना, तिचा कायदा १९७७ चा, ती तर वेगळ्याच शीर्षकाखाली.

मी त्या मुलाला दुष्काळाबद्दल काहीही शिकवलं नाही. त्याच्या आजोबांनी खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली, ते त्यालाच जास्त माहीत होतं. मी फक्त एका कागदावर सहा शब्द लिहून दिले, फॅमिन, ड्रॉट, स्कॅर्सिटी, टंचाई, आणेवारी, पैसेवारी, आणि कुठला शब्द कुठल्या सालाच्या कागदात शोधायचा ते समोर लिहिलं. संध्याकाळी त्याच्या टेबलावर अहवालांचा ढीग होता आणि तो मान वर न करता उतरवून घेत होता, वाचनालय बंद व्हायची घंटा झाली तरी उठेना.

ग्रंथालयशास्त्रात रंगनाथनांची १९३१ ची पाच सूत्रं आहेत, त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा. त्या मुलाचे दोन दिवस गेले होते, आणि ते कॉम्प्युटर नव्हता म्हणून नाही गेले. कॉम्प्युटरने त्याच्या शब्दाला प्रामाणिक उत्तर दिलं, शब्दच तिथला नव्हता.

गाळीव

पटलं. आणेवारी-पैसेवारी माझ्या घरात रोज कानावर पडायचं, वडील तलाठी होते. असं पुस्तकांच्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. मग तुमच्या या कामाला 'जाणकार' का म्हणत नाही? आमच्याकडे बैल घेताना जाणकार माणूस बरोबर नेतात. तो बैल विकत नाही, पाळत नाही, पण दात बघून सांगतो.

दाखलक्रमांक

@गाळीव, हा शब्द मला एकदम आवडला! तज्ज्ञाला आपण विचारतो आणि तो सांगतो. जाणकाराला आपण बरोबर नेतो. हा फरक कोशात मिळणार नाही कदाचित पण बोलण्यात नक्की आहे. काल दिवसभर डोक्यात तेच होतं. पण 'अर्थशास्त्र जाणकार ग्रंथपाल' असं पदनाम पाटीवर लिहिलं तर अवघडलेलं दिसतं, मधला शब्द सुटा पडतो.

उंबरठा

थोडं जर्मनीचं सांगतो, तिथे काही वर्षं होतो. तिथे फाखरेफेरेंट म्हणतात, फाख म्हणजे विषय आणि रेफेरेंट म्हणजे एखादं खातं ज्याच्याकडे सोपवलंय तो. त्या विषयात मास्टर्स लागतेच, डॉक्टरेटही पुष्कळांची असते आणि वर ग्रंथालयाचं प्रशिक्षण. पण दारावरच्या पाटीवर मी नेहमी नुसता विषय पाहिला आहे, इतिहास, कायदा असा. 'विषय' हा शब्दच कशाला हवा, विषयाचं नावच घाला की.

दूरदेशी

इथेही तसंच. साउथ एशिया लायब्ररियन, इकॉनॉमिक्स लायब्ररियन.

दाखलक्रमांक

@उंबरठा, @दूरदेशी, तुम्ही दोघांनी गाठ सोडवली. पाटीवर 'ग्रंथपाल, अर्थशास्त्र' आणि बोलताना 'अर्थशास्त्राच्या ग्रंथपाल'. एकशब्दी 'अर्थशास्त्रग्रंथपाल' व्याकरणात बसेल पण वाचवत नाही. सगळ्यांसाठी मिळून एक सामान्यनाम लागेल तिथे 'विषयग्रंथपाल', तज्ज्ञ गाळून. आणि पत्रिकेत खाली एक ओळ जाणकार शब्द घालून: 'तुमच्या विषयाचे जाणकार ग्रंथपाल तुमच्याबरोबर बसून शोधतील.' 'तुम्हाला शोधून देतील' असं आधी होतं, ते मी बदललं.

जाता जाता, त्याच मसुद्यात 'ज्ञानस्त्रोत' पण होतं. तो शब्द स्रोत, स् ला र, मध्ये त नाही. स्रवणे, स्राव यांच्या घरातला. स्त्री लिहायची सवय असल्यामुळे हात तिकडे जातो.

आता एकच अडलंय. कायद्याच्या सहकाऱ्यासाठी 'ग्रंथपाल, विधी' लिहू की 'ग्रंथपाल, कायदा'? विद्यापीठात विभागाचं नाव विधी आहे, पण पहिल्या वर्षाची मुलं विचारतात की मॅडम, हे पूजेचं आहे का.

माळरान

कायदा लिहा. मुलं ज्या शब्दाने विचारत येणार तोच पाटीवर हवा, दुष्काळाच्या गोष्टीत तुम्हीच दाखवलंत ना.