मदत हवी आहे: जमिनीतलं तेल काढलंच नाही तर त्याचं पुढं काय होतं?

जिऑलॉजीवालं कोण हाय का ग्रुपवर? पुतणी कराडला बीएस्सीला आहे, तिला सेमिनारला हा विषय दिलाय आणि ती माझं डोकं खातीय. एवढं कळलं की वर घट्ट दगडाचं झाकण असलं तर तेल कोट्यवधी वर्षं राहतं, खोल जाऊन साधारण 150 डिग्रीच्या वर तापलं की हळूहळू गॅस होतो, आणि वरच्या थंड थरात आलं की बॅक्टेरिया हलका भाग खातात, मागं डांबरासारखं चिकट उरतं, कॅनडात अथाबास्काला तेच झालंय. पण मुंबई हायचं तेल 1974 ला सापडलं, ते तसंच सोडलं असतं तर आपल्या नातवंडांपर्यंत काही फरक पडला असता का? मला तर वाटतं काडीचाही नाही. आणि आपल्या साताऱ्याकडं बोअर मारताना बिट झिजवणारा हा काळा कातळ, त्याच्याखाली तेल असू शकतं का? मराठीत सोपं वाचायला असलं तर सांगा, सोमवारी प्रेझेंटेशन आहे.