चर्चा: खोबरेल ताटात की चमच्यात?

माडाखालची (वेंगुर्ले, सध्या ठाणे):
सासूबाईंना भिशीतल्या मैत्रिणीने सांगितलं, रोज अनशापोटी दोन चमचे खोबरेल घ्या, प्रतिकारशक्ती वाढते. महिना झाला, त्या नाक दाबून गिळतात आणि वर गरम पाणी पितात. मला बघवत नाही.

माझ्या आजीकडे मुठेल निघायचं, मुठीने पिळून काढलेलं घरचं खोबरेल. बांगडा तव्यावर टाकला की त्या तेलाचा वास पार मागच्या पडवीपर्यंत यायचा. तांबड्या माठाच्या भाजीला फोडणी त्याचीच, वर मूठभर ओलं खोबरं. पण ते तेल कुणी प्यायल्याचं मी पाहिलं नाही. माझं म्हणणं एवढंच की खोबरेल जेवणात परत यावं आणि त्याचं औषध करणं थांबावं.

घाणेवाला (काणकोण):
ताई, जेवणात यावं हे शंभर टक्के मान्य. पण औषधी गुण नाहीतच असं समजू नका. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं. तेच आईच्या दुधातही असतं. त्यापासून मोनोलॉरिन बनतं आणि ते काही जिवाणू आणि विषाणूंचं स्निग्ध आवरण फोडतं. फिलिपिन्समध्ये कोविडच्या काळात सांता रोसा इथे संशयित रुग्णांना 28 दिवस खोबरेल दिलं, तर दाह दाखवणारं सीआरपी लवकर उतरलं. आमच्या घरी चार पिढ्या हेच तेल आहे.

पथ्यपाणी (पुणे, आहारतज्ज्ञ):
दादा, आवरण फुटतं ते प्रयोगशाळेतल्या बशीत. खाल्लेल्या तेलातलं किती लॉरिक शरीरात मोनोलॉरिन होऊन टिकतं आणि त्याने सर्दी-ताप कमी होतो का, याचा भक्कम पुरावा माणसांत नाही. सांता रोसाचा अभ्यास साठेक जणांचा होता. तेवढ्यावर 'प्रतिकारशक्ती वाढते' असं बाटलीवर छापणं मला पटत नाही.

आणि दुसरी बाजू पक्की आहे. 2020 साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात 16 चाचण्यांचा एकत्र आढावा आला. सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्ह अशा तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) सरासरी दर डेसिलिटरला 10 मिलिग्रॅमने वाढलं. एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ही 4 ने वाढलं, पण त्याने एलडीएलची भरपाई होते असं धरता येत नाही. सासूबाईंचं वय काय? बीपी, शुगर?

घाणेवाला:
मग केरळचं काय? 2016 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात कोचीच्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या 200 रुग्णांना दोन वर्षं, निम्म्यांना खोबरेल आणि निम्म्यांना सूर्यफुलाचं तेल दिलं. कोलेस्टेरॉलमध्येही फरक नाही, झटक्यांमध्येही नाही.

पथ्यपाणी:
ते रुग्ण कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांवर होते. गोळी चालू असताना तेलाचा परिणाम झाकला जातो. आणि 200 जणांत झटक्यांचा फरक दिसणं अवघडच.

दर्यावर्दी (मालवण):
पॅसिफिकमधल्या तोकेलाऊ बेटांवरची माणसं निम्म्याहून जास्त उष्मांक नारळातून घेत होती आणि हृदयविकार तिथे फारसा नव्हता, असं 1981 साली छापून आलंय. पण ती नारळ खात होती, त्यासोबत मासे आणि ब्रेडफ्रूट (नीरफणस). पाकीटबंद काही नाही, अंगमेहनत भरपूर. आपण सगळं जेवण बदललं आणि त्यातलं तेल तेवढं उचललं.

माझ्या वडिलांनी कोविडात रोज तीन चमचे घेतले, वर्षभर. बाकी खाणं तसंच, फिरणं बंद. एलडीएल 118 चं 161 झालं. सगळा दोष तेलाचा म्हणत नाही. पण तेल थांबवल्यावर आकडा खाली आला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माडाखालची:
सासूबाई 68 वर्षांच्या आहेत, बीपीची गोळी चालू आहे. दर्यावर्दी, तुमचं वाचून पोटात गोळा आला.

घाणेवाले दादा, सांता रोसाचं मी शोधून वाचलं. तिथेसुद्धा तेल जेवणात कालवून दिलं होतं. मला वाटतं आपल्या जेवणाचं मर्म तिथेच आहे. माठातलं कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध लागतं. त्याचं अ जीवनसत्त्व होतं आणि नाका-घशाचं, आतड्याचं अस्तर धड राहतं. बांगडा-तारलीत ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-3 असतं, खोबरेलात ते दोन्ही नाही. आजीच्या ताटात या गोष्टी एकमेकींना धरून होत्या.

पथ्यपाणी:
स्निग्ध कुठलंही चालतं, शेंगदाण्याचं तेलही. पण बाकी तुमच्याशी सहमत. माशाला, भाजीला थोडं खोबरेल वापरा, सोबत दुसरं एखादं तेल ठेवा. रोजचं एकूण तेल वाढू देऊ नका, आणि वाटपातला नारळही त्याच हिशेबात धरा. अनशापोटीचं मात्र आजच बंद करा.

घाणेवाला:
पिण्याचा आग्रह मी सोडतो, गिऱ्हाइकांनाही तसंच सांगेन. पण रिफाईंडच्या डब्याला 'हृदयासाठी उत्तम' आणि आमच्या घाण्याला विष, हे मी कधीच मान्य करणार नाही.

माडाखालची:
विष कुणीच म्हटलं नाही, दादा. आज सकाळी सासूबाईंशी बोलले. आधी रागावल्या, मग म्हणाल्या, "मग निदान तारल्या तरी आण." संध्याकाळी तारल्या तळल्या, दीड चमचा खोबरेलात, चौघांत. शनिवारी त्यांची रक्ततपासणी आहे. आकडे आले की इथेच टाकते.