डोनेपेझिल-मेमँटिनची एकत्र गोळी बंद कशी करायची?

प्रश्न (नर्स, केअर सेंटर, घोडबंदर रोड, ठाणे)
आजी ८६ वर्षांच्या, अल्झायमर शेवटच्या टप्प्यात. अंथरुणावरच असतात, बोलणं जवळपास बंद, भरवावं लागतं. डोनेपेझिल १० मिग्रॅ आणि मेमँटिन १० मिग्रॅ (दोन्ही स्मृतिभ्रंशाची औषधं) ची एकच गोळी तीन वर्षं चालू आहे. वजन उतरतंय, अधूनमधून जुलाब, नाडी ५२. डॉक्टर म्हणतात, कमी करत बंद करू. मुलगा विचारतो, आजच का नाही थांबवत? गोळी अर्धी करून दिली तर चालेल?

उत्तर १ (जेरियाट्रिक म्हणजे वृद्धांचे डॉक्टर, वाशी)
नाडी ५२ म्हणजे आधी ईसीजी. मेटोप्रोलोलसारखी नाडी मंद करणारी गोळी सोबत चालू आहे का तेही बघा. चक्कर, बेशुद्धी किंवा हार्ट ब्लॉक (हृदयाच्या विद्युत संकेतांत अडथळा) असेल तर डॉक्टर डोनेपेझिल त्याच दिवशी थांबवतील.

तसं नसेल तर घाई नको. एकदम थांबवलं की काहींना आठवड्याभरात तीव्र अस्वस्थता, भास होतात. गोळी तोडू नका. काहींत मेमँटिन सावकाश सुटणारं असतं, शिवाय दोन्ही औषधं एकदम उतरली की त्रास कशाने झाला ते कळत नाही. वेगवेगळ्या गोळ्या लिहून घ्या. डोनेपेझिल ५ चार आठवडे, मग बंद. तोवर मेमँटिन १० तसंच. आणखी चार आठवडे ठीक गेले की मेमँटिन ५ वर, मग तेही बंद. डोनेपेझिल रक्तात निम्मं व्हायलाच सुमारे ७० तास लागतात, त्यामुळे दोन दिवस शांत गेले म्हणून निर्धास्त होऊ नका.

लुई बॉडी (डिमेन्शियाचाच एक वेगळा प्रकार) किंवा पार्किन्सनचा डिमेन्शिया असेल तर मात्र गोळी बंद करताना हात आखडता घ्या. तिथे भास जोरात उसळू शकतात. आणि घरी राहणाऱ्या, अजून थोडं स्वतःचं करणाऱ्या रुग्णांत डोनेपेझिल चालू ठेवण्याचा फायदा २०१२ च्या ब्रिटिश अभ्यासात दिसला होता. आजींचा मार्ग सगळ्यांना लावू नका.

उत्तर २ (सिस्टर इनचार्ज, नेरूळ)
कमी करण्याआधी आठवडाभर लिहा: वजन, नाडी, किती घास गेले, झोप, ओरडणं, माणूस समोर आला की नजर वळते का. रात्रपाळीच्या मावशींनाही सांगा, गडबड बहुधा तेव्हाच दिसते.

पहिल्याच आठवड्यात तीव्र बिघाड झाला तर लगेच डॉक्टरांना फोन, बहुतेकदा आधीचा डोस परत सुरू होतो. दोन ते सहा आठवड्यांत घसरण झाली तर औषधाचा उपयोग होत होता असं धरून परत द्यायचा विचार करतात. तीन महिन्यांनंतरची घसरण बहुधा आजाराचीच. पण आधी लघवीचा संसर्ग, तुंबलेली शौच आणि दुखणं तपासा, नाहीतर खापर उगाच गोळीवर फुटतं.

लघवी सुटते म्हणून ऑक्सिब्युटिनिन चालू असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा. तो त्रास डोनेपेझिलचाच असू शकतो. फाइलच्या पहिल्या पानावर बंद केल्याची तारीख आणि कारण ठळक लिहा. हॉस्पिटलमध्ये भरती झाली की जुन्या यादीवरून गोळी परत सुरू होते.

मुलाला सांगा, ही चाचणी आहे, गरज पडली तर मागे फिरता येतं. भरवणं, कूस बदलणं, वेदनेची गोळी, यातलं काहीच कमी होत नाही.