मदत हवी आहे: न्यू जर्सीत बेसमेंट फिनिश करायचंय

नमस्कार मंडळी,

एडिसनमधल्या आमच्या घराचं बेसमेंट फिनिश करायचंय, म्हणजे तळघर राहण्याजोगं करायचंय. आई-बाबा उन्हाळ्यात येतील, त्यांच्यासाठी झोपायची खोली आणि एक बाथरूम, बस्स.

अडचण ओलीची आहे. मागच्या भिंतीला खाली वीतभर लोणा लागलाय, बोट फिरवलं की पिठासारखा हाताला येतो. एक कंत्राटदार म्हणतो, वॉटरप्रूफ रंग मारू आणि वरून ड्रायवॉल (जिप्समच्या पाट्या) लावू. दुसरा म्हणतो, आधी आतून फ्रेंच ड्रेन (भिंतीलगत पाणी वाहून नेणारी चर) आणि संप पंप (साचलेलं पाणी बाहेर टाकणारा पंप), मग बाकीचं. मला दुसऱ्याचं पटतंय. ड्रायवॉलमागे बुरशी धरली तर बाहेरून कळणारसुद्धा नाही. पण त्याचा आकडा बराच जास्त आहे. तुमच्यापैकी कुणी हे काम करून घेतलंय का? साधारण किती खर्च आला, आणि नंतर भिंत खरंच कोरडी राहिली का?

पहिला असंही म्हणाला की परमिटची गरज नाही. हे मला अजिबात मान्य नाही. खाली झोपायची खोली म्हणजे बाहेर पडण्याजोगी खिडकी हवीच: माणूस निघू शकेल एवढी मोकळी जागा, आणि तळ फरशीपासून ४४ इंचांच्या आत. आग लागली तर सत्तरीतल्या माणसांना तिथून निघता आलं पाहिजे. पाया कापून अशी खिडकी नीट बसवणारं कुणी माहीत आहे?

राज्याकडे नोंदणी असलेला, विमा असलेला आणि सगळं लेखी देणारा माणूस सुचवा. रेडॉनची (जमिनीतून घरात येणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची) चाचणी काम सुरू होण्याआधी करावी की नंतर, तेही सांगा.