मदत हवी आहे : अमेरिकेत टिप नेमकी किती ठेवायची?

दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन ताईकडे न्यू जर्सीला जातोय. मागच्या खेपेला एडिसनमध्ये डोसा खाऊन इथल्या सवयीने बडीशेपेच्या ताटलीत दोन डॉलर टाकले, तर ताईने टेबलाखालून लाथच घातली! मग कळलं, तिकडच्या केंद्रीय कायद्यात टिपवर जगणाऱ्या वेटरला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतं, १९९१ पासून तोच आकडा. (काही राज्यांत जास्त आहे म्हणा.)

तर १८-२० टक्के द्यायचे हे कबूल. पण ते टॅक्स धरून की टॅक्स सोडून? बारमध्ये ग्लासामागे एक डॉलर अजून चालतो का? आणि काउंटरवर स्वतः कॉफी उचलली तरी तो स्क्रीन आपल्याकडे फिरवतात, तिथे 'नो टिप' दाबलं तर वाईट दिसतं का? बाबा तर बिनधास्त दाबतील.