ओम्नीचा कूलंट सेन्सर लीक होतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमची ओम्नी 2008 ची आहे, पेट्रोल एमपीआय (फ्युएल इंजेक्शनवाली). आठवडाभर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होतंय म्हणून पुढची सीट उचलून खालचं इंजिन बघितलं तर थर्मोस्टॅटजवळ जो टेम्परेचर सेन्सर आहे ना, दोन वायरवाला, त्याच्या आट्यांतून थेंब थेंब येतंय आणि खाली पांढरट-हिरवा थर जमलाय. होज, क्लिप सगळं कोरडं आहे.

नवीन सेन्सर आणलाय, वॉशरसकट. आता प्रश्न असा की पूर्ण कूलंट काढायलाच पाहिजे का, की इंजिन थंड असताना जुना काढून लगेच नवीन बसवला तर चालतं, थोडंफार सांडलं तरी टॉपअप करीन. आट्यांना टेफ्लॉन टेप लावायची का? एक वायरवाल्या सेन्सरला अर्थिंग आट्यांतून बॉडीतूनच मिळतं, टेपने ते तुटेल म्हणून टेप नको हे पटतं, पण हा दोन वायरवाला आहे. आणि किती आवळायचा, हाउसिंग अॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर काम वाढेल ही खरी भीती.

नंतर कूलंटच्या लाईनमध्ये अडकलेली एअर कशी काढता तेही सांगा प्लीज. आईला डायलिसिसला याच गाडीतून नेतो, त्यामुळे वाटेत गरम होऊन चालणार नाही. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी जरूर लिहा.